गिऱ्हाइकांचा टेप

— अहो नाही नाही, बसा, उठताय कुठे, कोट माझ्या हातात आणि तुम्ही निघालात नुसत्या शर्टावर! एका बटणाचं काम म्हणता, पण बटण म्हणजे काय, दोन टाके मारले आणि सोडून दिलं असं असतं का? हे बघा, हे दुसरंही सैल झालंय — झालंय हो, तुम्हाला नाही कळणार, माझ्या बोटांना कळतं — हे काढतो. कच्. आणि हे खालचं... घट्ट आहे म्हणता? आज आहे, उद्याचं कुणी सांगावं? कच्. आता सगळी एका दोऱ्यानं बसवून देतो, म्हणजे चिंताच मिटली. जास्तीचं काही घेणार नाही, घाबरू नका. — तो हॉर्न? तो आपल्यासाठी नाही. म्हणजे आहे, माझ्यासाठी आहे, पण तुम्ही लक्ष देऊ नका. ती निळी गाडी दिसते ना, अगदी दाराला चिकटून लावलेली, तिच्यात माझी पुतणी बसलीय. चिंगी. थोरल्या भावाची मुलगी. प्रयोगशाळेत संशोधन करते, नावापुढे इतक्या पदव्या लागल्यात की दारावरची पाटी नावानं कमी आणि पदव्यांनीच जास्त भरलीय, पण घरात चिंगीच. मला डॉक्टरकडे न्यायला आलीय. मी म्हटलं, एवढं एक गिऱ्हाईक उरकतो आणि निघतो. ते गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही. तेव्हा बसा निवांत, माझ्यावर उपकार होतील.

मला काही झालेलं नाही, बरं का. मी ठणठणीत. झालं ते दादाला, चिंगीच्या वडिलांना. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, औषधं चालू आहेत, घरातल्या घरात चालतो, माणसांवर ओरडतो, म्हणजे सुधारतोय. पण डॉक्टरांनी काय करावं? सगळं आटोपल्यावर सहज म्हणाले, सख्ख्या भावंडांनीही एकदा तपासून घ्या, आत कॅमेरा घालून. कुठून घालतात ते तुम्हाला माहीत असेल, नसेल तर मी सांगत नाही, तुम्ही सभ्य माणूस दिसता. आणि दादाला सख्खं भावंड किती? एक. मी. झालं, तेव्हापासून चिंगी हात धुऊन माझ्या मागे लागलीय. आज नुसतं डॉक्टरांना भेटायचं, तारीख ठरवायची, बस्स, असं म्हणते. मला माहितीय ही नुसती भेट. मीही गिऱ्हाइकांना म्हणतो, नुसतं कापड बघायला या, आणि मग सुटाचं माप घेऊनच सोडतो.

आणि पोरीचं काम काय म्हणाल तर हेच! चरबी आणि आतड्याचा कॅन्सर. बापाचं पोट बघत लहानाची मोठी झाली, दुसरं काय सुचणार? एकदा जेवताना मला म्हणाली, काका, चरबी म्हणजे नुसतं साठवलेलं तूप नाही, ती बोलते. मी म्हटलं, चरबी बोलते? मग आमचा दादा म्हणजे मोठी सभाच. तर म्हणाली, हसू नका, खरंच बोलते, ती संप्रेरकं सोडते रक्तात. एकाचं नाव लेप्टिन. त्याचं खरं काम काय, तर मेंदूला सांगायचं की पुरे, पोट भरलं, आता हात धुवा. पण माणूस जाडा झाला की लेप्टिन वाढतं, वाढत राहतं, आणि मेंदू ऐकायचंच सोडून देतो. मला लगेच समजलं. आमच्या घरी हेच चालतं — बायको बोलत असते, नवऱ्याच्या कानात काही शिरत नाही, शेजारी मात्र शब्द न् शब्द ऐकतात. बरोबर! चिंगी म्हणाली, बरोबर काका, आणि आतड्यात एखादी पेशी बिघडलेली असली ना, तर तीच ही शेजारीण. मेंदू ऐकत नाही, पण ती ऐकते. तिला वाटतं, वाढ म्हणतायत, वाढते. — धागा जरा धरा हो तेवढा. हां. — आणि दुसरं एक संप्रेरक आहे, त्याचं नाव ॲडिपो-काहीतरी, ते भलं बिचारं. ते बिघडलेल्या पेशीला दटावतं, गप्प बस म्हणतं. पण गंमत काय, चरबी जितकी वाढेल तितकं हे कमी होत जातं. म्हणजे भडकवणारं वाढतं आणि समजावणारं घर सोडून जातं. चिंगी ताटलीत आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी वाढवते म्हणे, त्यांना हे लेप्टिन पाजलं की फोफावतात, दुसरं पाजलं की जरा दबकतात. पण लगेच म्हणते, हे ताटलीतलं झालं काका, माणसात सगळं एवढं सरळ नसतं, इतरही पुष्कळ कारणं असतात. या शिकलेल्या लोकांची हीच खोड. शिवलेलं लगेच थोडं उसवून ठेवतात.

पण मी त्यातून घ्यायचं ते घेतलं. चरबी गुन्हेगार. संपलं. आता तुम्ही मला सांगा, जाडा कोण होता? दादा. हेडमास्तर होता तो, आणि काय पोट होतं! वर्गात पोट आधी यायचं, मुलं उठून उभी राहायची, मग मागून दादा यायचा. तेव्हा कुणाला त्यात वाईट दिसलं? माणूस स्थिरावला, असंच म्हणायचे लोक. आमच्या आईला तर तिचा थोरला गुटगुटीत आणि धाकटा काटकुळा याचंच सगळं दुःख. आणि शिवायचा कोण? मीच. पहिल्या नोकरीपासून त्याच्या अंगावरची प्रत्येक पँट या मशीनवरची. आत माया सोडायची भरपूर, म्हणजे शिवणीत जास्तीचं कापड, पुढच्या वर्षी उसवून सैल करायला. दादाच्या पँटांना मी इतकी माया सोडायचो की आत आणखी एक अर्धी पँट बसली असती.

आता तुम्हाला धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कुणाला बोलू नका. तो टेबलावरचा पांढरा टेप बघा, चुरगळलेला, कडेनं सुतं निघालेला. तो गिऱ्हाइकांचा टेप. वर्षानुवर्षं ओढून ओढून ताणला गेलाय, लांबलाय, त्यामुळे आकडा कमी दाखवतो. मी मुद्दाम फेकत नाही तो. कमरेला लावायचा, आकडा मोठ्यानं वाचायचा, की आरशापुढचा माणूस असा खुलतो म्हणता — गेल्या वेळेइतकंच की! म्हणतो. मान ताठ, छाती पुढे. आणि त्याचं माप झालं की मी कापडाचे तागे बघायला आत जातो म्हणतो आणि आरशामागे तो पिवळा टेप टांगलाय ना, तो खरा, तो हळूच गळ्यात घालतो. उंची बरोबर घेतली का बघतो म्हणत परत एकदा लावतो, त्या वेळी तोंडानं काही वाचायचं नाही. कापायचं ते त्या पिवळ्यावर. यात फसवणूक कसली? कापड पूर्ण दिलं, पँट बसली, माणूस आनंदात घरी गेला. अहो, पोट सुटलेली माणसं आरशातल्या आरशात मला आशीर्वाद देतात. चिंगीला हे कळलं तर म्हणते, काका, तुमच्या टेपमुळे बाबांना कधी कळलंच नाही ते किती वाढत चाललेत. मी म्हटलं, वा गं! आरसा होता की समोर. वजनकाटा होता. वहिनी होती. ऐकायचं नसलं की माणूस टेपचंच ऐकतो, त्यात माझा काय दोष? — हो हो, वाजव, वाजव हॉर्न. बॅटरी उतरेल तेव्हा थांबेल.

आणि मग ऐका, खरी मजा पुढेच आहे. रिटायर व्हायच्या आधी काही महिने दादा बारीक व्हायला लागला. आपोआप. आधी चेहरा उतरला, मग मान, मग पोट. पँटा घेऊन आला, म्हणाला, आत घे. मी घेतल्या. परत आला, परत घेतल्या. मी आयुष्यभर त्याची शिवण सैल करत आलेला माणूस, पहिल्यांदाच आत घेत होतो, काय सांगू किती आनंद! आणि लोक तर वेडे झाले. शाळेतले मास्तर विचारायला लागले, सर, काय करता? आता दादानं सांगावं ना, की बाबांनो, मी काही करत नाही, दोन्ही वेळ चापून खातो. पण हेडमास्तर तो, मला माहीत नाही हे वाक्य त्याच्या तोंडातून कसं निघणार? म्हणाला, संयम! आणि सकाळी कोमट पाणी. झालं! सगळी शाळा कोमट पाणी प्यायला लागली. पालक प्यायला लागले. शिपाई थर्मास घेऊन फिरायला लागला. माझी बायको मला तांब्याभर पाजायला लागली. एका मास्तरणीनं तर दादावर लेख लिहिला शाळेच्या अंकात, साठीतला चमत्कार. आणि तो थकायचा, जिना चढताना कठड्याला धरून उभा राहायचा, तर लोक म्हणायचे, बघा, किती शांतपणे चढतात सर, वजन उतरलं की माणसात ठहराव येतो!

मग एक दिवस इथे आला, लग्नातला कोट घेऊन. कपाटाच्या तळाशी पडलेला, डांबरगोळ्यांचा वास मारत होता. म्हणाला, निरोपाच्या समारंभाला हाच घालणार. मी म्हटलं, दादा, अरे बटण तरी लागेल का? त्यानं घातला, बटण लावलं — लागलं! इथे, या आरशासमोर. वहिनी होती, आमची ही होती, दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिली टाळी माझी. इतक्या जोरात वाजवली की तोंडातली टाचणी पडली. दादा असा वळला, तसा वळला, एखाद्या नवऱ्यामुलासारखा. चिंगी परगावी होती, तिला फोटो पाठवला, तर पोरीचा उलट प्रश्न — बाबा मुद्दाम बारीक होतायत का? मी म्हटलं, हिला आनंद म्हणून बघवत नाही. न करता बारीक झाला तर चांगलंच की, कष्ट वाचले!

समारंभात भाषण करताना मध्येच खुर्चीवर बसला तो. संयमावरच बोलत होता. लोकांना वाटलं भावना दाटून आल्या, त्यांनी परत टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तरी उठेना तेव्हा कळलं.

— सुई टोचली वाटतं. नाही, काही नाही, धंद्यातलं रक्त आहे, लगेच थांबतं. कुठे होतो आपण? हां, हॉस्पिटल. तुम्ही कधी ते हॉस्पिटलचं झबलं बघितलंय का? ते पेशंटला घालतात ते? अहो, काय ती शिलाई! खांद्याला उतार नाही, बाहीला आकार नाही, आणि मागून उघडं, नुसत्या दोन नाड्या. मागून उघडं! मी नर्सबाईंना म्हटलं, हे कुणी बेतलं त्याला एकदा माझ्याकडे पाठवा. सर्जनलाही विचारलं, आतडं कापून जोडताना टाका कुठला घालता, उलटा का साधा? चांगला माणूस होता, हसला, म्हणाला, तुमच्यापेक्षा साधा. म्हटलं, मग दादाचं अवघड आहे. हसलो आम्ही दोघं. आणि मग आत गेलो तर दादा कुशीवर झोपलेला, मागच्या नाड्या सुटलेल्या, आणि पाठीचे मणके... मणके मोजता येत होते हो. या अंगाला मी इतकी वर्षं कपडे घालतोय, मला त्या अंगाला मणके आहेत हे माहीत नव्हतं. मी नाड्या बांधल्या. घट्ट बांधल्या. तर झोपेतच म्हणाला, जरा सैल ठेव रे. रडू आलं मला, खोटं कशाला सांगू. त्या झबल्यात मी कधी जाणार नाही, असं मी तेव्हाच ठरवलं. चिंगीला वाटतं मी कॅमेऱ्याला घाबरतो. कॅमेऱ्याला कोण घाबरतंय? त्या शिलाईचा मला तिटकारा आहे.

आणि गरज काय? चिंगीचंच शास्त्र घ्या ना. चरबी बोलते, पेशी ऐकते, कबूल. पण माझ्या अंगावर बोलणारी चरबी आहे कुठे? मधल्या काळात मलाही जरा पोट सुटलं होतं, नाही म्हणत नाही, बसून काम, बायकोचा हात सढळ. पण या काही महिन्यांत तेही उतरलं. आपोआप! म्हणजे माझं लेप्टिन गप्प बसलं आणि ते दुसरं भलं बिचारं परत घरी आलं. सांगा, चुकतंय का माझं? हे मी चिंगीला सांगितलं तर ती हसली नाही, काही नाही, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची वेळच घेऊन आली. म्हणे, बाबांचे भाऊ म्हणून जाडे असा वा बारीक, तपासायचंच. आणि आपोआप उतरलं असेल तर आधी. शिकलेल्या पोरींशी वाद घालू नये. पोट जरा बिघडलेलं असतं माझं, पण ते चहानं. दिवसभर चहा, काय होणार दुसरं? आणि एकदा-दोनदा थोडं लाल दिसलं ते बीटाचं. बीट खाल्लं होतं मी. मागच्या... खाल्लं असणार कधीतरी. हे तुम्हाला का सांगतोय मी? तुम्ही बटणाला आलात आणि — आमच्या हिला बोलू नका हं. तुमची-तिची ओळख नाही ना? बरं आहे.

काय बघताय? पट्टा? त्याला काय झालं? भोक नवं आहे, मीच पाडलंय. कातडं ताणतं हो, पट्टा जुना झाला की लांबतो, टेप लांबतो तसा. त्याच्या पुढचं? तेही मीच पाडलं. जास्तच जुना पट्टा आहे. आणि पँटेला मागे चुण्या आहेत म्हणून काय झालं, शिंप्याचे कपडे नेहमी असेच, आम्हाला स्वतःचं करायला वेळ कुठे मिळतो? अहो, असं बघू नका. चिंगीसारखं बघताय तुम्ही. घ्या, मोजा! मोजा म्हणतोय ना, तुम्हीच मोजा, तो टेप उचला टेबलावरचा, लावा कमरेला. हां. घट्ट नको, बोट जाईल एवढा. किती? मोठ्यानं बोला. — हॅ! हॅ हॅ! अहो, गिऱ्हाइकांचाच टेप उचललात तुम्ही! तो कमीच बोलणार! मी मघाशी तुम्हाला एवढं समजावून सांगितलं आणि तुम्हीही फसलात. तुम्हालाच काय, भल्याभल्यांना फसवलंय त्यानं. तो आरशामागचा काढा, पिवळा. तोच. तो कुणाची भीड धरत नाही. लावा आता. मागे तिरका गेला नाही ना? बघा, मी पोट आत घेतलेलं नाही, श्वास सगळा सोडलाय. वाचा.

परत वाचा.

थांबा, वाचू नका. दिसला मला आरशात. उलटा असला तरी मला वाचता येतो, तेवढी वर्षं याच्यासमोर काढलीत.

हा माझ्या लग्नातल्या पँटेचा आकडा आहे.

टाळ्या नाही वाजवल्यात तुम्ही. बरं केलंत.

हा घ्या कोट. शेवटचं बटण राहिलंय — राहू दे, तुमच्या वरच्या खिशात टाकलंय, घरी कुणाकडून तरी लावून घ्या, दोन टाक्यांचं तर काम आहे. नाही, परवा येऊ नका. कधी या ते आत्ता नाही सांगता येत. तो पिवळा इकडे द्या. पांढरा पण. निघा आता, दुकान बंद आहे. आणि जाता जाता त्या निळ्या गाडीची काच वाजवा, पोरीला म्हणावं, हॉर्न पुरे. काका निघाला.